गारवेलीचे वेढे

दादाच्या परसात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर गारवेल होती. पानं बदामाच्या आकाराची, फुलं जांभळी. सकाळी उमलायची, दुपारी मिटायची. दादानंच ती लावलेली. मग एका सकाळी तो ‘पोस्टात जाऊन येतो’ म्हणून गेला, तो परतलाच नाही. पोलीस, दवाखाने, सगळं शोधून झालं. त्यालाही आता बराच काळ लोटला होता.

वहिनींना अलीकडे नीट दिसेनासं झालं होतं. लेक त्यांना कायमचं न्यायला येणार होती, पण वहिनी तयार होईनात. त्यांची समजूत काढायला मी येऊन राहिलो होतो. खरं तर हे काम माझ्यासारख्याचं नव्हे. माझा जन्म ग्रंथालयात हळू आवाजात बोलण्यात गेला.

“ते आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?”

“शेजारी निरोप ठेवू, वहिनी.”

“शेजारी! त्यांच्याशी कधी पटलंय ह्यांचं?”

वेलीच्या बांबूला वाळवी लागली होती. मी तो अलगद उपसून काढला आणि वेल कोसळेल म्हणून दोरी घेऊन उभा राहिलो. ती कोसळली नाही. जुनं खोड ताठर झालं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पुस्तकांत मात्र तसं कुठं सापडेना.

“मिळालं का हो पुस्तकात?” वहिनी हसल्या. मग हसू ओसरलं. “आधाराशिवाय वेल उभी राहत नाही, भाऊजी.”

हळूहळू वेढे रुंदावले. बांबू मनगटाएवढा होता; आता आतल्या पोकळीत माणूस मावला असता. खांद्याच्या उंचीवर एक फांदी आडवी निघाली आणि खिडकीच्या गजांपाशी येऊन थांबली. रोज नवा शेंडा जुन्या वेढ्यांवर पुन्हा वेढे घेई, गाठ पक्की करावी तसा.

माझी नजरच दगा देत असेल, असं वाटून मी आत हात घातला. आतली हवा उबदार होती. नुकत्याच अंगातून काढलेल्या स्वेटरसारखी.

“ही वेल आहे तोवर मी हलणार नाही,” वहिनी म्हणाल्या.

म्हणून, लेक येणार त्या दुपारी, मी कात्री घेतली. वहिनी पुढच्या खोलीत होत्या. मी मुळाशी खोड कापलं. पांढरा चीक बोटांना लागला.

पानं सुकायला तरी वेळ लागायला हवा होता. वेल तिथल्या तिथं ढासळली. वेढे एकेक करून सुटले.

वारा नव्हता.

स्वयंपाकघराचं लोटलेलं दार उघडलं. मी अजून वेलीपाशीच होतो.

 

“आलात एकदाचे?” आतून वहिनींचा आवाज आला. “किती वेळ उभं राहायचं ते बाहेर!”

रस्त्यावर लेकीच्या गाडीचा हॉर्न वाजला. आत कुणी खुर्ची ओढली. मग तिच्या शेजारची दुसरी.