सेंट ऑस्विनमध्ये घेतलेलं नाव

पार्सिपनीजवळच्या सेंट ऑस्विन चर्चच्या तळघरात आमची मराठी शाळा भरते; पीएचडी करता करता मी तिथे शिकवते. वर चर्चमध्ये मात्र मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्या रविवारी गाडीपर्यंत पोचायच्या आतच पावसाने गाठलं, आणि "अगंबाई, भिजले..." असं पुटपुटत मी समोरच्या लाल दाराशी धावले. सवयीने बूट बाहेर काढले.

"आत घ्या ते, नाहीतर पाण्याने भरतील," आतून कुणीतरी मराठीत म्हणालं. "मीपण पहिल्या दिवशी काढले होते. नगरला आमच्या चर्चमध्ये काढतातच."

हा विनय गायकवाड. नगरच्या पाद्रीबाबांचा मुलगा, इथे आयटीत नोकरीला, आणि ह्या एपिस्कोपल पंथाच्या चर्चमधल्या मूठभर म्हाताऱ्यांचा भलताच लाडका. माणसं उरली नाहीत म्हणून चर्च उन्हाळ्यात बंद होणार होतं. त्याआधी त्याचा इतिहास गोळा करायचं काम म्हाताऱ्यांनी विनयच्या गळ्यात घातलं होतं. मग काय... शाळा सुटली की मी इतिहास ऐकायला वर जाऊ लागले.

लोखंडाच्या खाणीतल्या मजुरांनी सुट्टीच्या दिवशी दगड वाहून हे चर्च बांधलं. पुढे एकदा खाणीत पाणी शिरलं, आणि आत गेलेली माणसं सापडलीच नाहीत. त्या ईस्टरला त्यांच्या बायका पांढऱ्या लिलीच्या कुंड्या घेऊन आल्या, आणि एकेकीने उभं राहून आपल्या माणसाचं नाव घेतलं. तेव्हापासून दर ईस्टरला इथे तीच रीत आहे. लिली आणायची, आणि आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं.

"गिरिजा, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय की."

खोटं बोलले. मी त्याच्या पापण्या बघत होते. डोक्यात शिरलं ते एवढंच, की ईस्टरला लिली आणून आपल्या माणसाचं नाव घ्यायचं.

मार्चमध्ये विनयची नोकरी गेली. दुसरी मिळाली नाही तर व्हिसा संपून त्याला भारतात परत जावं लागणार होतं. आमच्यात अजून काही बोलणंही झालं नव्हतं, आणि तो जाईल ह्या विचाराने मला जेवण जाईना. आमच्या घरी कुणाचं बरं व्हावं म्हणून त्याच्या नावाने देवळात अभिषेक करतात. मी लिलीची कुंडी आणली.

ईस्टरला चर्चमध्ये सगळे एकेक करून उठले. त्या म्हाताऱ्यांतल्या डोरोथी आजींनी नवऱ्याचं नाव घेतलं, "थॉमस." मग मी उठले. चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "विनय गायकवाड."

पहिल्या बाकावरचा विनय हळूच मागे वळला. डोरोथी आजींनी माझा हात हातात घेतला आणि कानाशी म्हणाल्या, "हनी, हे गेलेल्यांसाठी असतं. ही इज राइट देअर."

जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

प्रार्थना संपल्यावर मंडळी आपापल्या कुंड्या मागच्या कबरस्तानात घेऊन गेली. ज्याची त्याची कबर ठरलेली होती. मी कुंडी पोटाशी धरून तशीच उभी राहिले. विनय आला.

"दे इकडे. माझीच आहे ना ती?"

"सॉरी रे... मला वाटलं—"

"नाव घ्यायचंच होतं तर उखाण्यात तरी घ्यायचंस." तो हसत होता. मग हसायचा थांबला. "गिरिजा, शुक्रवारी शेवटच्या कंपनीचा नकार आला. बुधवारचं तिकीट काढलंय."

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"तुझी पीएचडी अर्ध्यात आहे. चल म्हणता येत नाही. थांब म्हणायला जीभ रेटत नाही."

"मग काही म्हणू नकोस. मी म्हणते. मला तू हवा आहेस, विनय."

"माहितीये," तो म्हणाला, "आता सगळ्या चर्चला माहितीये." पण त्याचा आवाज फुटला, आणि त्याने कुंडीआड तोंड लपवलं. ओल्या गवतात आम्ही कितीतरी वेळ एकमेकांना धरून उभे होतो. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी मुद्दाम पाठ फिरवली होती.

बुधवारी मीच त्याला विमानतळावर सोडलं. रस्ताभर दोघं हवापाण्यावर बोललो. आत जाताना त्याने एकदाच वळून बघितलं.

गुरुवारी फोन वाजला. पलीकडे नगरचे रिक्षांचे हॉर्न, आणि त्याचा दमलेला आवाज.

"गिरिजा... मी जिवंत आहे."

मी खळखळून हसले, आणि मग फोन कानाशी तसाच धरून रडत राहिले. त्यानेही ठेवला नाही.