एकेचाळिसावी

हे खरं आहे. पटत नसेल तर वाचू नका, माझं काही अडत नाही.

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. नऊ वर्षांपूर्वी, भर दुपारी, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बायोमेडिकल लॅबमध्ये. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एम.टेक. केलेलं नाही.

ताईची बी.ई.ची चार वर्षं याच लॅबमध्ये गेली, एम.टेक.ही इथेच. गाइड म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा. पोरांनी राबायचं, पेपरवर नाव साहेबांचं. सोल्डरिंगची गन कुठल्या टोकाने धरतात, हे तरी त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

ताईला कपाटातलं जुनं ईसीजी मशीन मिळालं. चाळीस जणांचे ठोके नोंदवायचे, त्यातला नॉइज, म्हणजे कचरा, फिल्टरने काढायचा. झाला थिसिस.

पहिल्याच माणसाच्या आलेखाखाली तिला दुसरी लाट दिसली...

बारीक. संथ.

दोन ठोके... मोठा खंड... मग एक.

चाळीसही जणांत तीच.

"सर, हा नॉइज वाटत नाही. कुणाचे तरी ठोके आहेत."

"चाळीस माणसांत एकेचाळिसावा कुठून आणलास, बाई? काढून टाक."

लॅबवाल्या काकांनी मात्र पडदा पाहिला आणि हातातला झाडू भिंतीला टेकवला.

"ही आमची पोरगी."

"कोण पोरगी?"

"हे मशीन जिने बनवलं ती, सरांचीच विद्यार्थिनी. हृदय अधू होतं बिचारीचं. टेस्टिंगला माणसं मिळेनात, तर स्वतःलाच वायरी लावून बसायची. थिसिस लिहिता लिहिता गेली. मशीन सरांचं झालं."

काकांनी ड्रॉवरमधून तिच्या ईसीजीची पिवळी पडलेली पट्टी काढली.

दोन ठोके... खंड... एक.

व्हायवाच्या दिवशी सरांनी बाह्या सरसावून स्वतःलाच इलेक्ट्रोड लावून घेतले. मिरवायची हौस दांडगी.

"छान आहे हो! डिझाइन कुणाचं?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"आपलंच. तीन वर्षं घासलीत."

आणि सरांची लाट सपाट झाली...

खाली फक्त ती. दोन... खंड... एक.

ठोके नसलेला माणूस समोर उभा राहून बढाया मारत होता.

"वायर सुटली का?" परीक्षक म्हणाले.

ताईने पाहिलं. एकही सुटली नव्हती.

परीक्षक तिच्याकडे वळले. "डिझाइन यांचंच ना?"

दारात काका उभे होते. सर डोळे वटारून बघत होते. त्यांच्या एका सहीवर तिची दोन वर्षं टांगलेली.

"हो सर. त्यांचंच."

पडदा लख्ख झाला. सरांचे ठोके परतले. खालची लाट... गेली.

काका पट्टी खिशात घालून निघून गेले.

ताईला डिस्टिंक्शन मिळालं. मूग गिळून मिळालेलं, पण मिळालं. ते मशीन त्याच वर्षी भंगारात गेलं.

आता ताई दुसऱ्या कॉलेजात शिकवते. मशीनं नवी, पोरं नवी. तरी दरवर्षी कुणीतरी आलेख घेऊन येतंच.

"मॅडम, खाली एक बारीक लाट दिसतेय..."

"नॉइज आहे. काढून टाक."

मागच्या महिन्यात तिला चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, ईसीजी काढू.

ताई तशीच उठून घरी आली.

मी कारण विचारलं नाही. तिने नाडीवर बोट ठेवून मनगट पदराखाली झाकून घेतलं होतं.