अंशाचा हजारावा भाग

गौरवी पार्स्याला गेली ती मावशीने सांगितलेले दोन किलो काजूगर आणायला, प्रेमात पडायला नव्हे. डिचोलीहून तासभर स्कूटर हाकून ती काजूच्या कारखान्यात पोचली. गर सुकवायच्या खोलीतून खरपूस वास येत होता आणि दाराशेजारच्या छोट्या पडद्यावर आकडा होता — ७१५.

"साडेएकाहत्तर अंश," ती सहज म्हणाली.

गर तोलणारा तरुण थांबला. "तुमका कसा कळला? हंय येणारो प्रत्येक माणूस सातशे पंधरा म्हणान घाबरता!"

तो हसला, आणि गौरवी जरा जास्तच वेळ बघत राहिली. कारखाना त्याच्या वडिलांचा. तापमान मोजायचं यंत्र मात्र त्याने स्वतः बसवलेलं, त्याचा प्रोग्रॅमही त्याचाच. नाव साईश पार्सेकर. ते ऐकलं आणि गौरवीने स्वतःचं आडनाव सांगायचं टाळलं.

कारण याच साईशशी ती महिनाभर भांडत होती, ईमेलवरून, इंग्रजीत. जगभरचे हौशी लोक मिळून एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होते आणि तिच्यातला तापमानाचा विभाग गौरवी सांभाळायची. तिथला दंडक एकच : यंत्र कुठलंही असो, तापमान सेल्सिअस अंशाच्या हजाराव्या भागात सांगायचं. साडेएकाहत्तर म्हणजे ७१५००. साईशने त्या सिस्टिमसाठी पाठवलेला प्रोग्रॅम दहाव्या भागात सांगत होता, म्हणून तिने तो दोनदा परत पाठवला होता.

"थंय कोण तरी जी. कामत आसा," साईश कुरकुरला. "खडूस म्हातारो! आमच्या सुमंगलाबाई खोली सांभाळतत, तेंका तीन आकडे बरे. पाच कित्याक?"

गौरवीने पैसे दिले आणि गर घेऊन निघाली. मावशीचे गर संपले नव्हते, तरी ती आणखी दोनदा पार्स्याला गेली.

"इतके गर कोण खाता गो?"

"तू मोजतंस?"

"गर नाय… तुझे फेरे मोजतंय."

आणि मग साईशने तोच प्रोग्रॅम तिसऱ्यांदा पाठवला, एक अक्षर न बदलता. सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत जायचा शेवटचा दिवस शनिवार. घेतला तर उद्या दुसऱ्या कुणाचा यंत्र थंड ठेवणारा पंखा ७१५ म्हणजे अंशभरसुद्धा नाही असं समजून बंदच राहणार. नाही घेतला आणि जी. कामत कोण ते कळलं, तर साईश जाणार… आणि तो तिला आवडत होता, अगदी मनापासून.

शुक्रवारी ती गेली आणि सांगून मोकळी झाली. "तुझो प्रोग्रॅम मी परत धाडतंय. जी. कामत म्हणजे मीच."

"तो म्हातारो?"

"म्हातारी. सव्वीस वर्सांची."

साईश हसला नाही. "इतके दिस सांगलंस नाय!"

"भियालंय… तू बोलूचंस नाय म्हणान. आयक, आत हजारावो भाग ठेव. पडद्यार शंभरान भागून दाखय. सुमंगलाबाईंका तीनच आकडे दिसतले."

तो आत निघून गेला. गौरवी डिचोलीपर्यंत रडत गेली, आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

शनिवारी दुपारी नवा प्रोग्रॅम आला. सगळं हजाराव्या भागात! ती आनंदाने तपासायला बसली आणि तिला चूक सापडली : वायर सुटली की यंत्र शून्य अंश सांगत होतं. अशा वेळी 'माहीत नाही' म्हणायला हवं. तिने पुन्हा एकदा सगळं तपासलं. मग प्रोग्रॅम परत पाठवला आणि फोन लावला.

"परत धाडलंय, साईश. वायर सुटली तर शून्य सांगता."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला.

"म्हणजे ही आवृत्ती गेली?"

"गेली. फुडली अडीच महिन्यांनी."

"वायट वाटला तुका?"

"खूप. पण तरी घेवचंय नाय."

पलीकडून हळूच हसू आलं. "माका भय होता, तू माझ्यासाठी डोळे झाकून घेतलंस तर? मगे तू कधी 'बरां आसा' म्हटलंस, तर माका खरां वाटला नसता." तो अडखळला. "गौरवी… तू माका आवडतंस. उद्या डिचोलीक येतंय. आदी ती चूक काढूया, मगे बाकीचा बोलूया."

"बाकीचा आदी बोलूया," गौरवी म्हणाली. "चूक दोन ओळींचीच आसा."