गाडी निघालीय

परळला एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर अंबिका कांबळी एकोणीस वर्षं फोन घेत होती. आगाऊ बुकिंग घेऊन घरापाशी टॅक्सी पाठवणाऱ्या कंपनीचं ते ऑफिस. कधीकाळी एकशे चाळीस गाड्या होत्या आणि फोनवर सहा मुली. मग ड्रायव्हर एकेक करून ॲपवाल्यांकडे गेले, काही गावी जाऊन बसले. आता उरल्या होत्या नऊ गाड्या, त्यातल्या दोन-तीन कायम गॅरेजात, आणि फोनवर एकटी अंबिका. मालक मात्र कुणालाही नाही म्हणू देत नव्हते. "आदल्या दिवशी हो म्हणायचं. सकाळचं सकाळी बघू," हे त्यांचं ठरलेलं.

सकाळी जे बघायचं ते अंबिकालाच. गाडी नसली की ती म्हणायची, "गाडी निघालीय, दहा मिनिटांत पोचेल." लोक थोडा वेळ थांबत, चिडत, मग दुसरं काहीतरी धरून निघून जात. पहिल्यांदा हे बोलताना तिची जीभ अडखळली होती. पुढे ते तोंडात बसून गेलं.

गिरगावच्या सुभद्राबाई तांडेल दर मंगळवारी हृदयाच्या तपासणीला परळच्या हॉस्पिटलात यायच्या. साडेनऊची गाडी, गेली सहा वर्षं. वय ऐंशीच्या पुढचं. फोन केला की विचारणार एकच, "गाडी निघाली का गं बाय?" अंबिकानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण ती त्यांना आजी म्हणायची, आणि त्यांचा फोन आला की तिला बरं वाटायचं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी गिरगावला पाठवायला गाडीच नव्हती. आजींचा फोन साडेनऊला आला, पावणेदहाला आला, दहाला आला. अंबिकानं तिन्ही वेळा तेच सांगितलं. "चालेल बाय, मी थांबते," आजी म्हणाल्या. शेवटच्या वेळी त्यांना धाप लागली होती. त्यानंतर फोन आला नाही. गेल्या असतील कशानं तरी, असं मनाशी म्हणून अंबिकानं चहा मागवला.

पुढच्या मंगळवारी नेहमीचं बुकिंग स्क्रीनवर होतं. बरोब्बर साडेनऊला फोन वाजला.

"गाडी निघाली का गं बाय?"

आवाज तोच होता. पण त्याच्यामागे चाळ नव्हती. कुकरची शिट्टी नाही, पोरांची भांडणं नाहीत, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न नाहीत. रिकाम्या माठात तोंड घालून कुणी बोलावं, तसं ते वाक्य आलं. अंबिकाला मागचा मंगळवार आठवला आणि लाज वाटली. त्या दिवशी तिनं खरंच गाडी पाठवली. राजरत्न नावाचा जुना ड्रायव्हर भायखळ्याला होता, त्याला हातातलं भाडं सोडायला लावून गिरगावला धाडलं.

दहाला आजींचा पुन्हा फोन. "पोचेलच आता, आजी," अंबिका सांगत होती, तेवढ्यात दुसरा फोन वाजला. तिनं तो दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, मी चाळीपाशी आहे," राजरत्न म्हणाला. "कोणाला न्यायचंय नक्की?"

"सुभद्राबाईंना. जिन्यापाशी बसल्या असतील बघ."

"विचारलं मी इथं. त्या बाई..." तो थांबला. "गेल्या मंगळवारी वारल्या, ताई. इथंच, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. गाडीची वाट बघत बसल्या होत्या म्हणे."

अंबिकाच्या डाव्या कानाला पहिला फोन तसाच होता.

"चालेल बाय," त्यातून आजी म्हणाल्या. "मी थांबते."

संध्याकाळी अंबिका गिरगावला गेली. सुभद्राबाईंची सून रुपाली घरात एकटीच होती. कोपऱ्यात फोटोपुढे समई लावलेली, खोलीभर उदबत्तीचा वास. रुपाली आवाज न चढवता बोलली.

"ॲपवर बघितलं होतं मी. एकानं घेतलं आणि कॅन्सल केलं, मग दुसऱ्यानंही तेच. रस्त्यावरची टॅक्सी धरून आणते म्हटलं, तर आई ऐकेनात. म्हणाल्या, ती मुलगी निघालीय म्हणतेय ना? ती मला कशाला खोटं सांगेल? आपण गेलो तर बिचारा ड्रायव्हर येऊन परत जाईल."

"ती मुलगी मीच," अंबिका म्हणाली.

रुपाली तिच्याकडे पाहत राहिली. "कुठं अडकली होती गाडी?"

"निघालीच नव्हती."

रुपाली उठली, आतून पाण्याचा तांब्या-भांडं आणून तिच्यापुढे ठेवलं आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. अंबिकाच्यानं ते पाणी प्यायलं गेलं नाही.

तो आठवडा तिनं कसा काढला, तिचं तिला ठाऊक. आजींचं बुकिंग तिनं स्वतः पुसून टाकलं. तरी मंगळवारी साडेनऊला फोन वाजला. खाली छापखान्याचं मशीन चालू होतं, त्याच्या ठोक्यांनी टेबल थरथरत होतं. तिनं फोन कानाला लावला आणि ते ठोके ऐकू येईनासे झाले.

"गाडी निघाली का गं बाय?"

"नाही, आजी. त्या दिवशीही नव्हती निघाली. मी खोटं बोलले तुमच्याशी. तुम्ही... तुम्ही नका आता थांबू."

आजी हळूच म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस. पण इथं पुष्कळ जण बसलेत गं. मी त्या सगळ्यांना थांबा म्हणून सांगत होते."

आणि मग अंबिकाला ते ऐकू आलं. मोठ्या दालनात माणसं खालच्या आवाजात कुजबुजत होती. कुणी खोकत होतं. त्यातून एक पुरुषाचा आवाज फोनच्या जवळ आला.

"माझी निघाली का? प्रभादेवी... सकाळी सहाची."

तिनं स्क्रीनवर पाहिलं. आजच्या यादीत प्रभादेवी नव्हतं. ते उद्याच्या यादीत होतं. सौमित्र चेंदवणकर, बुधवार, सकाळी सहा. कालच तिनं 'नक्की' म्हणून सांगितलेलं.

पहिला फोन कानाशी धरूनच तिनं दुसऱ्यावरून नंबर फिरवला. दोन रिंगमध्ये उचलला गेला.

"हां, बोला." तोच आवाज. पण मागे टीव्ही चालू होता, कुणीतरी हसत होतं.

"सर, उद्याची गाडी येणार नाही. आमच्याकडे गाड्याच नाहीत. आजच दुसरी सोय करा. नक्की करा."

"येणार नाही? बरं... आज कळवलंत ते तरी बरं. भावाला सांगतो सोडायला."

इकडे पहिल्या फोनमध्ये लोखंडी खुर्ची फरशीवरून सरकल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली.

"उठले ते," आजी म्हणाल्या.

उद्याच्या यादीत गाडी न नेमलेली, चेंदवणकरांसकट, सहा नावं होती. अंबिकानं उरलेल्या एकेकाला फोन लावला. एकानं शिव्या दिल्या, एक बाई रडकुंडीला आली. दर फोनला पलीकडे एक खुर्ची सरकत होती. पाच झाल्या. अंबिकाचे गाल ओले होते, आवाज मात्र स्थिर होता.

सहावं बुकिंग अँटॉप हिलचं. दत्ताराम घोसाळकर, एकटेच राहणारे, नेहमीचे. तिनं नंबर लावला. रिंग जात राहिली. आणि तीच रिंग, थोडी दुरून, डाव्या कानातही वाजत होती... आजींच्या मागे कुठेतरी, त्या दालनात.

"उचला म्हणून सांगतेय मी त्यांना," आजी म्हणाल्या. "नुसतेच बघताहेत गं बाय."