मेन बंद केला का

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. घड्याळ मी नीट पाहिलं होतं, कारण बाळाला वाफेचं मशीन लावायची तीच वेळ. बाळ तेव्हा नऊ महिन्यांचं. छाती भरलेली. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या.

पाचेक मिनिटांत वायरमन दाराशी आला. पुढे तार तुटली होती, तासभर तरी लागेल म्हणाला. त्याला पाणी दिलं. जनरेटर आहे का, त्याने विचारलं. मी म्हटलं, दीर घेऊन निघालाय, त्याचं मंडपाचं दुकान आहे. तर म्हणाला, तो लावायच्या आधी घराचा मेन बंद करा.

एवढ्याशा जनरेटरचा करंट तुमच्यापर्यंत कसा येईल, मी हसले. मी सातवी शिकलेली, मला काय कळणार. त्याने खांबावरचा ट्रान्सफॉर्मर दाखवला. आत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात, एकमेकींना जोडलेल्या नसतात. तरी एकीत करंट फिरला की दुसरीत जागा होतो. तिकडून अकरा हजार येतात, त्याचे घरात दोनशेतीस होतात. आणि घरातून दोनशेतीस उलटे गेले, तर तिकडे पुन्हा अकरा हजार.

"ताई, मेन. विसरू नका," रिकामा ग्लास देत तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

दीर आला. त्याच्या वायरीला दोन्ही टोकांना पिना होत्या. एक जनरेटरला, दुसरी आमच्या स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये. "वहिनी, आता घरात लग्नाचा उजेड बघा," म्हणत तो दोरी ओढायला अंगणात गेला. तिथूनच त्याने विचारलं, मेन बंद केला का?

बाळाचे ओठ निळसर दिसत होते. माझं लक्ष तिथेच. तोंडाने मात्र हो म्हणून गेले.

मशीन सुरू झालं. वाफ आली. बाळाने एक लांब श्वास घेतला... मला केवढं बरं वाटलं होतं. मग बाहेर तो ट्रान्सफॉर्मर घुमू लागला, मोठा भुंगा डब्यात कोंडावा तसा. जळका वास आला. आणि खांबाखाली काहीतरी धपकन पडलं. चुकून आलेला करंट जमिनीत उतरावा म्हणून तारांना अर्थिंगची साखळी लावतात, ती लावायलाच वायरमन वर चढला होता म्हणे. ती त्याच्या हातातच राहिली.

दिराने जनरेटर विकला. ट्रान्सफॉर्मर वीजवाल्यांनी काढून दुसरीकडे बसवला, खांब आता मोकळा आहे. रोज तीनला मी मेन बंद करते, वाफेच्या मशीनची पिन काढून ठेवते. तरी तीन दहाला मशीन हळूच घुमतं. हात लावला तर कोमट लागतं.

यांना सांगितलं, तर म्हणाले, तुझ्या डोक्यात बसलंय ते. असेलही.

पण बाळ आता दीड वर्षाचं आहे. अजून मला "आई" म्हणत नाही. काल तीन दहाला खेळता खेळता थांबलं, दाराकडे पाहिलं, रिकामा ग्लास धरावा तसा हात पुढे केला, आणि स्पष्ट म्हणालं,

"ताई... मेन बंद केला का?"

मी हो म्हटलं. खरंच केला होता. तरी ते मान हलवत राहिलं... नाही, नाही.

तुमच्या ओळखीत ज्यांच्याकडे जनरेटर आहे, त्यांना एवढं सांगा. नुसतं हो म्हणू नका. आधी उठून मेन बघून या.