साचा बिघडला

माझा पुढचा दात मोर्चात पडला, असं आमच्या गिरगावातल्या चाळीत सगळे समजत होते. खरं म्हणजे तो डिंकाच्या लाडवाने पाडला. पण संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात बायकांपुढे घोषणा देणारी मी, त्यामुळे गप्प राहिले. तसंही बोलायची सोय उरली नव्हती.

दाताच्या दवाखान्यात, पडद्यामागच्या खोलीत साचे बनवणारा हेरंब भेटला. मनगटापर्यंत प्लास्टरने पांढरा.

“काहीतरी बोला. फटीतून किती हवा जाते बघू.”

“संयुक्त महाराष्ट्र झालाफ पाहिजे,” मी म्हणाले.

तो हसला नाही, पण कान लाल झाले. मला राग आला... आणि माणूस आवडलाही.

साच्यासाठी त्याने माझ्या तोंडात गरम मेण दाबलं. “आता बोलायचं नाही,” म्हणाला आणि स्वतःच बोलत सुटला. तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला. ती बाकावर बसून कंपाउंडरला सांगत होती, “दात बसला की माटुंग्याची मंडळी कांताला बघायला येतायत.”

हेरंब बोलायचा थांबला.

पुढच्या खेपेला म्हणाला, साचा बिघडला. त्यापुढच्या खेपेला म्हणे ठशाला चीर गेली. आई वैतागली. माझ्या वेणीत मात्र दर खेपेला अबोलीचा गजरा वाढत होता.

मग एकदा तो पाणी आणायला गेला आणि मी फडताळात पाहिलं. माझ्या दातांचे दोन्ही प्लास्टरचे ठसे तिथे शेजारी शेजारी, कुठे साधा टवका नाही.

तो आला तेव्हा मी बोट दाखवलं. “हे बिघडले?”

“नाही...” तो पुटपुटला. “मीच बिघडलो. दात बसला की ती मंडळी येणार, म्हणून—”

“म्हणून मी जन्मभर शिट्ट्या मारत बोलू? आधी दात बसवा.”

दात तयारच होता. त्याने खिशातून काढला. आणि चपखल बसवला.

“बोलून बघा,” तो म्हणाला. मग पडद्याकडे पाहून, हळूच, घोषणेच्याच चालीवर, “हेरंब आणि कांताचं लग्न—”

“झालंच पाहिजे!”

च अगदी खणखणीत आला.

“बसला गं बाई दात,” बाहेरून आई म्हणाली. “आता माटुंग्याला कळवते.”

“नको कळवूस, आई,” मी म्हणाले. “मुलगा बघून झालाय.”