आकृती तीनमधला हात

सकाळची मीटिंग संपली, सगळ्यांनी घाईघाईनं निरोप घेतला आणि स्क्रीनवरचा एकेक चौकोन विझत गेला. ती मात्र कॉल बंद करायचं विसरली आणि तिनं चहाचा असा काही भुरका मारला, की आईनं ऐकला असता तर पाठीत धपाटाच बसला असता.

"गरम आहे वाटतं..." कानात कुणीतरी म्हणालं.

ती खुर्चीतून पडायचीच बाकी राहिली. "क— कोण?"

"मी, पेन्सिल. मीही बंद करायचं विसरलो. म्हणजे... विसरलो, असंच म्हणू या."

पेन्सिल म्हणजे त्यांच्या कंपनीचा चित्रकार; सगळे त्याला याच टोपणनावानं हाक मारायचे. मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तकं येतात ना, ती ही कंपनी तयार करायची. 'झाकण घट्ट बसवा, मगच बटण दाबा' असलं सगळं ती लिहायची आणि झाकण बसवणारा हात तो काढायचा. दोघांचीही नोकरी घरूनच. नेट रडतं म्हणून कॅमेरे कायम बंद, त्यामुळे एकमेकांचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही दोघं विसरले. तिसऱ्या दिवशी तर चक्क ठरवून विसरले! मग दिवसभर कॉल चालूच. इकडून तिच्या कीबोर्डची टकटक, तिकडून त्याच्या पेन्सिलची खरखर, आणि मधूनच—

"जेवलात?"

"तुम्ही वाढणार असाल तर पुन्हा जेवेन."

"इश्श! चित्रं बघा तुमची."

खरं सांगायचं तर घरी बसून काम करून ती पार विटली होती. चुगल्या करायला कुणी नाही, चांगलं काम केलं तर 'वा' म्हणायलाही कुणी नाही. राजीनामा द्यायचं मनात घोळत होतं. आता मात्र बाईसाहेब केस विंचरून, काजळ घालून कामाला बसू लागल्या. कॅमेरा बंद असताना! प्रेमात पडलेल्या माणसाला शहाणपण कुणी शिकवावं?

आणि एका दुपारी तिच्या हॉलमध्ये पावलं वाजली.

घरात ती एकटी. दाराला आतून कडी. एक पाऊल टेकत होतं, दुसरं फरशीवरून घासत येत होतं... टप्, सर्रर्र. टप्, सर्रर्र. थेट तिच्या खुर्चीमागे येऊन थांबलं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं वळून पाहिलं, तर कुणी नाही. पडदासुद्धा हलत नव्हता.

"काय झालं? श्वास का अडकला तुमचा?" त्यानं विचारलं.

"तुमच्याकडे... कुणी चालतंय का?"

खरखर थांबली. "नाही," तो तुटकपणे म्हणाला आणि दिवसभर पुढे बोललाच नाही.

पावलं रोज यायला लागली. सुरुवातीला ती हातात लाटणं घेऊन बसायची. मग ते लाटणं स्वयंपाकघरात परत गेलं. पावलं मागे थांबली की मानेवर हलकी ऊब यायची... आणि ती चक्क वाट बघायला लागली. याला वेड म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

मग एका सकाळी मोठ्या साहेबांनी जाहीर केलं, "घरी बसून कुणाचंच कामात मन लागत नाही. सोमवारपासून सगळे ऑफिसात!"

तिला आनंदानं नाचावंसं वाटलं. अखेर तो दिसणार! पण सगळे गेल्यावर तो म्हणाला, "मी नोकरी सोडतोय. इस्त्रीचं पुस्तक माझं शेवटचं."

"का पण?"

उत्तराऐवजी नुसती चित्रं आली. आकृती तीनमध्ये प्लग धरलेला एक हात होता. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी, मनगटावर भाजल्याचा लांबट डाग. तिनं आपला हात स्क्रीनशेजारी धरला. तोच! रेघ न् रेघ तोच.

"हा हात... कुणाचा आहे?"

"हसणार नाही ना?" त्याचा आवाज खाली आला. "दुपारी माझ्या टेबलाच्या कडेवर असतो. नुसता टेकलेला. पहिल्यांदा मी घाबरून घराबाहेर पळालो होतो. आता त्याच्यासाठी जागा ठेवून कागद पसरतो."

"तो माझा आहे," ती म्हणाली. "आणि माझ्या हॉलमध्ये रोज कुणीतरी येतं. एक पाऊल टेकतं, एक घासतं."

पलीकडे पेन्सिल टेबलावरून घरंगळून खाली पडली.

"तो... माझा पाय आहे," तो कसाबसा म्हणाला. "अपघात झाला होता. आधीच्या ऑफिसात मी पाणी प्यायला उठलो की अख्खी रांग गप्प व्हायची. घरून काम म्हणजे स्वर्ग होता मला. कुणी बघत नव्हतं. आणि तुम्ही... तुम्ही ऐकत होतात?"

"अहो, ते ऐकायला तर मी कामाला बसते!"

कॉल कट झाला.

त्या दुपारी पावलं आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मोकळ्या हॉलची आता तिला खरी भीती वाटली. उगीच बोलले, असं म्हणत ती स्वतःलाच शिव्या घालत राहिली.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात एक उंच, काटकुळा माणूस घामाघूम उभा होता. 'पेन्सिल' हे नाव ठेवणाऱ्यानं अगदी बरोबर ठेवलं होतं.

"पत्ता कुणी दिला?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

"कुणीच नाही. पाय येत गेला... मी त्याच्या मागून आलो." तो आत आला आणि दाराजवळची हलणारी फरशी न बघताच ओलांडून गेला. त्यानं काय केलं ते लक्षात येऊन दोघंही त्या फरशीकडे बघू लागले. मग त्यानं हळूच तिच्या करंगळीला बोट लावलं. हात गरम होता, जिवंत होता, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पण सोमवारी... सगळे बघतील गं."

"बघतील. दोन दिवस बघतील, मग त्यांनाही त्यांची कामं आहेत," ती म्हणाली. "मी मात्र रोज बघणार. चालेल?"